रोग दूरचा, डास घरचा

पाठाविषयी : चिकुनगुनिया, डेंग्यू, झिका ही नावे आता आपल्या कानांवर वारंवार पडतात. हे रोग मूळचे कोठले, ते इतक्या दूर कसे आले आणि त्यांना अडवण्यासाठी आपल्या हाती काय आहे, हे या पाठात सांगितले आहे. पाठाचे लेखक बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे शिक्षक आहेत.

ऑगस्ट महिना होता. चार दिवस पडून पाऊस थांबला होता. मी नववीच्या वर्गात हजेरी घेत होतो. एकामागून एक तीन-चार नावांना उत्तर आले नाही. मी पटावरून नजर वर केली आणि विचारले, "आज ही मुले कोठे आहेत?"

"सर, ताप आहे," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "माझ्या भावाला तर उभेही राहवत नाही. गुडघे धरून बसला आहे."

'गुडघे धरून बसला आहे' हे शब्द ऐकताच मला माझी दादी आठवली. मी पुस्तक मिटले आणि मुलांना दादीची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट, मुलांनो, आज तुम्हालाही सांगतो.

२००६ सालची ही हकिगत. तेव्हा मी तुमच्याएवढाच होतो. याच बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आम्ही राहत होतो. अब्बांचे पंक्चरचे दुकान होते. घरामागे जुन्या टायरांचा ढीग पडलेला असे. अंगणात एक मोठा रांजण होता. पाणी रोज मिळत नसे. ज्या दिवशी मिळे, त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरून ठेवावी लागत. रांजण भरण्याचे काम माझ्याकडे होते. मी नवे पाणी जुन्या पाण्यावरच ओतत असे. रांजणाचा तळ मी कधी पाहिला नव्हता, मग घासणे तर दूरच!

दादी घरात सर्वांच्या आधी उठायची. नमाज झाली की अंगण झाडायची, मग आपल्या कोंबड्यांना दाणे टाकायची. जुलै महिन्यात एके दिवशी सकाळ झाली तरी ती उठली नाही. अंगात सणसणून ताप होता. दुसऱ्या दिवशी तिचे घोटे, मनगटे आणि बोटांची पेरे सुजली. ताप चार दिवसांत उतरला. पण सांधे काही सुटेनात. ती भिंतीला धरून, कमरेत वाकून चालू लागली. तिला सजदा करता येईना. आयुष्यभर जमिनीवर मुसल्ला अंथरणारी माझी दादी खुर्चीवर बसून नमाज पढू लागली. ते पाहून अब्बा मान फिरवून घेत.

आठवड्याच्या आत अम्मीने अंथरूण धरले. मग मी आजारी पडलो. गल्लीत प्रत्येक घरात कोणी ना कोणी कण्हत होते. रोगाचे नाव कळले, 'चिकुनगुनिया'. नाव ऐकून एकाने सांगितले, "हा रोग चिकनमुळे होतो." त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्ल्यूची साथ आली होती आणि तेथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. त्यामुळे लोकांना ही गोष्ट लगेच खरी वाटली. दादीने आपल्या कोंबड्या मिळेल त्या भावात विकून टाकल्या. कोंबड्या गेल्या, रोग मात्र गेला नाही.

एके दिवशी एक आरोग्यसेवक आमच्या घरी आले. त्यांच्या हातात बॅटरी होती. त्यांनी दादीची विचारपूस केली आणि मग सरळ अंगणातल्या रांजणापाशी गेले. झाकण नव्हतेच. त्यांनी आत बॅटरीचा उजेड टाकला आणि मला जवळ बोलावले. पाण्यात बारीक, काळपट किडे वळवळत होते. उजेड पडताच ते भराभर तळाकडे गेले.

"हे काय आहे, ठाऊक आहे का?" त्यांनी विचारले.

"पाण्यातले किडे आहेत. ते नेहमीच असतात," मी म्हणालो.

"या डासांच्या अळ्या आहेत. तुझ्या दादीला आजारी पाडणारा डास कोठून आला, असे तू विचारत होतास ना? तो येथून आला. आता हे सगळे पाणी ओतून टाका."

हे ऐकून दादी खाटेवर उठून बसली. "बेटा, पाणी ही नेमत आहे. पुन्हा कधी मिळेल, कोण जाणे! ते मातीत ओतू म्हणता?"

आरोग्यसेवक क्षणभर गप्प राहिले. दादीचे म्हणणे खोटे नव्हते. मग ते म्हणाले, "खरे आहे, दादी. पाणी वाया घालवू नका. फक्त गाळून घ्या." त्यांनी अम्मीकडून पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा मागून घेतला. दोन हंड्यांच्या तोंडांवर तो आळीपाळीने बांधला आणि रांजणातले पाणी त्यावर ओतायला सांगितले. पाणी खाली हंड्यात गेले. अळ्या कापडावर राहिल्या. त्यांनी कापड कोरड्या, तापलेल्या मातीवर झटकले. पाण्याविना अळ्या थोड्याच वेळात मरून गेल्या. नंतर त्यांनी माझ्या हातात काथ्या दिला आणि रांजण आतून घासून घ्यायला लावला. रांजण उन्हात वाळवून, पुन्हा भरून, त्यावर कापड घट्ट बांधले. टायर अब्बांनी छपराखाली नेले.

त्या दिवशी मला कळले, की दादीला चावलेला डास मीच पाणी घालून वाढवला होता. मला कोणी काही बोलले नाही. पण तो घासलेला रांजण मी आजपर्यंत विसरलो नाही.

ही हकिगत सांगून झाली तेव्हा वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "सर, डास तुमच्या रांजणातला, हे समजले. पण रोग कोठून आला?"

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर देण्यासाठी मी फळ्यावर जगाचा नकाशा टांगला.

चिकुनगुनिया हा रोग एका विषाणूमुळे होतो. विषाणू इतका सूक्ष्म असतो, की तो साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९५२ साली, पूर्व आफ्रिकेत. ज्या भागाला तेव्हा टांगानिका म्हणत तो आज टांझानिया देशात आहे. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेत 'चिकुनगुनिया' या शब्दाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा होतो. रोगी सांधेदुखीने वाकतो, म्हणून हे नाव पडले. म्हणजे या नावाचा कोंबडीशी काहीही संबंध नाही! एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून माझ्या दादीच्या कोंबड्या गेल्या.

या रोगाचा विषाणू माणसाकडून माणसाकडे आपण होऊन जात नाही. त्याला डास लागतो. या डासाचे नाव एडिस इजिप्ती. काळ्या पायांवर पांढरे पट्टे, ही त्याची खूण. हा डासही मूळचा आफ्रिकेतला. पूर्वी जहाजांवर गोड्या पाण्याची पिंपे असत. त्या पिंपांतून वाढत वाढत तो शेकडो वर्षांत जगभरच्या बंदरांना पोहोचला आणि तेथून गावोगावी गेला.

आपल्या देशात चिकुनगुनियाची पहिली मोठी साथ १९६३ साली कोलकात्यात आली. १९६५ मध्ये ती चेन्नईत आणि आपल्या विदर्भातील नागपूरलाही दिसली. नागपूरच्या तापाचा अभ्यास पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केला. हे केंद्र १९५२ साली सुरू झाले होते. आज त्याला राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतात. नागपूरच्या रुग्णांचे रक्त तपासताना शास्त्रज्ञांना आणखी एक, तोपर्यंत कोणालाच माहीत नसलेला विषाणू सापडला. नागपूरमधील ज्या भागात तो सापडला, त्या भागावरून त्याचे नाव 'चांदीपुरा' असे ठेवण्यात आले. तो वाळूमाशीमार्फत पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करतो. २००३ साली आंध्र प्रदेशात आणि २०२४ साली गुजरातेत त्याने अनेक बालकांचे प्राण घेतले. नवे रोग दूरच्या जंगलांतच सापडतात असे नाही. ते आपल्या शेजारीही सापडतात, हे यावरून दिसते.

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुनियाची साथ आली. त्यानंतर मात्र हा रोग भारतातून जणू नाहीसा झाला. तीस वर्षांहून अधिक काळ त्याची मोठी साथ आली नाही. डॉक्टरांची एक पिढी हा रोग न पाहताच तयार झाली. ज्याला हा रोग एकदा होतो, त्याला तो सहसा पुन्हा होत नाही. पण १९७३ नंतर जन्मलेल्या मुलांना तो कधी झालाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या शरीरात त्याच्याशी लढण्याची तयारी नव्हती.

२००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या एडिस डासांमध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांना चिकुनगुनियाचा विषाणू मिळाला. तो जुन्या साथींतील विषाणूहून वेगळ्या, आफ्रिकी जातीचा होता. साथ यायला अजून पाच वर्षे होती. पण पाहुणा दारात येऊन उभा राहिला होता.

येथे मी मुलांना नकाशावर तीन बेटे दाखवली.

पहिले बेट लामू. हे केनिया देशाच्या किनाऱ्याजवळ आहे. २००४ साली तेथे चिकुनगुनियाची साथ आली आणि बहुतेक लोकांना रोगाने गाठले. विशेष म्हणजे त्या वेळी तेथे अतिवृष्टी नव्हती, दुष्काळ होता. पाणी मिळेनासे झाले, म्हणून लोकांनी ते घराघरांत भांड्यांत साठवून ठेवले. भांडी बरेच दिवस रिकामी झाली नाहीत. त्यांतच डास वाढले. 'डास पावसामुळे होतात' असे आपण म्हणतो. पण साठवलेले पाणी असले, की दुष्काळातही डास होतात. आमच्या अंगणातला रांजण आणि लामू बेटावरची भांडी यांत फरक तो काय!

दुसरे बेट रियुनियन. हे हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस आहे. तेथे फ्रान्सचे राज्य आहे. रस्ते चांगले, दवाखाने चांगले. २००५ साली प्रवाशांबरोबर विषाणू तेथे पोहोचला. २००६ च्या मध्यापर्यंत सुमारे ७ लाख ७५ हजार लोकवस्तीपैकी सुमारे २ लाख ६६ हजार लोक आजारी पडले. म्हणजे दर तीन माणसांमागे एक! तेथे एडिस इजिप्ती फारसा नव्हता. पण विषाणूत एक बारीकसा बदल झाला आणि तो एडिसच्याच दुसऱ्या जातीच्या डासात सहज वाढू लागला. त्या डासाला त्याच्या पट्ट्यांमुळे 'वाघ डास' म्हणतात. २००७ साली असाच बदललेला विषाणू केरळातही आढळला. रियुनियनमध्ये २०२५ साली पुन्हा मोठी साथ आली. श्रीमंत देशाचा आधार असूनही ते बेट दोनदा या रोगाच्या तावडीत सापडले.

या बेटांवर पसरलेल्या विषाणूचाच जवळचा भाऊबंद २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रात पसरला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. त्या अडीच लाखांत माझी दादी होती, अम्मी होती आणि मीही होतो.

तिसरे बेट तैवान. हे चीनच्या पूर्वेस आहे. ज्या कर्कवृत्ताची रेषा आपल्या देशात भोपाळजवळून जाते, तीच रेषा तैवानच्या मध्यातून जाते. बेटाचा दक्षिण भाग उष्ण आहे. एडिस इजिप्ती डास तेथेच राहतो. तैवानने १९६५ साली हिवतापाचे उच्चाटन केले होते. पण डेंग्यू पुन्हा पुन्हा येतो. तो तेथे बारा महिने टिकत नाही. हिवाळ्यात थंडी पडली की साथ थांबते आणि पुढल्या वर्षी परदेशातून येणाऱ्या प्रवाशांबरोबर विषाणू पुन्हा येतो. म्हणून २००३ पासून तेथील विमानतळांवर येणाऱ्या प्रवाशांचा ताप यंत्राने पाहिला जाऊ लागला. त्यामुळे काही रुग्ण दारातच सापडले. पण ज्याला अजून ताप भरलेला नाही, तो यंत्राला कसा कळणार? २०१५ साली तैवानमध्ये ४३,००० हून अधिक लोकांना डेंग्यू झाला आणि २०० हून अधिक लोक दगावले. त्यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण ताइनान या एकाच दक्षिणेकडील शहरातले होते.

"मग सर, तैवानच्या लोकांनी काय केले?" मुलांनी विचारले.

त्यांनी घराघरांत चार शब्दांचा धडा दिला. त्या शब्दांचा आपल्या भाषेतला अर्थ असा : पाहा, ओता, आवरा, घासा. घराभोवती फिरून साचलेले पाणी पाहा. ते ओतून टाका. नको असलेली भांडी आवरा. ठेवायची भांडी घासा. ज्यांच्या आवारात अळ्या सापडतात, त्यांना तेथे दंडही होतो.

या चार शब्दांत 'घासा' हा शब्द का आहे? त्यासाठी डासाचे जीवन समजून घेतले पाहिजे. एडिसची मादी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. भांडे रिकामे केले तरी अंडी तेथेच राहतात. कोरड्यात ती कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले, की अंड्यांतून अळ्या निघतात. अळीचा कोष होतो आणि कोषातून डास बाहेर पडतो. उष्ण हवेत या सगळ्याला आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून, घासून, कोरडे केले, तर डास जन्माला येण्याआधीच त्याचा मार्ग बंद होतो. आरोग्य खाते यालाच 'कोरडा दिवस' म्हणते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा डास फार दूर उडत नाही. तो ज्या घरात जन्मतो, त्याच घराच्या आणि शेजारच्या घरांच्या आसपास बहुधा आयुष्य काढतो. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्यापूर्वी. फक्त मादी चावते, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागते. रुग्णाला चावलेल्या मादीच्या शरीरात विषाणू काही दिवस वाढतो आणि मग ती ज्याला ज्याला चावते, त्याला रोग देते. म्हणून रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपले पाहिजे. त्यात रुग्णाचे आणि घरातील इतरांचेही रक्षण आहे.

चिकुनगुनियावर नेमके औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेली तापाची गोळी एवढाच उपचार असतो. मात्र डेंग्यू आणि चिकुनगुनिया सुरुवातीला सारखेच दिसतात आणि डेंग्यू जिवावर बेतू शकतो. तेव्हा तापाकडे कानाडोळा करू नये. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने आणू नयेत. डेंग्यू असल्यास काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे.

हे सर्व बोलणे झाल्यावर आमच्या वर्गाने एक ठराव केला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की प्रत्येकाने आपल्या घरातील पाण्याची भांडी पाहायची आणि वहीत नोंद करायची. पहिल्याच सोमवारी वह्या पाहिल्या. एका मुलीने लिहिले होते, 'फ्रिजच्या मागच्या ताटलीत अळ्या होत्या.' एकाला त्या गच्चीवरच्या फुटक्या माठात सापडल्या होत्या. एकाने लिहिले होते, 'गोठ्यातील हौद रिकामा करता येत नाही. त्यात गप्पी मासे सोडले.' हे मासे डासांच्या अळ्या खातात. दुसऱ्या एकाच्या घरी आशाताईंनी वापरण्याच्या पाण्याच्या टाकीत अळीनाशक औषध टाकून दिले होते.

वह्या परत देत होतो, तेवढ्यात ज्या मुलीचा भाऊ आजारी होता, ती उभी राहिली. "सर, तुमच्या घरी पाहिले का?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. घरी गेलो आणि कूलर उघडला. उन्हाळा संपल्यापासून तो कोपऱ्यात तसाच उभा होता. तळाशी चार बोटे पाणी होते आणि त्यात तेच काळपट किडे वळवळत होते. दादीची गोष्ट सांगणारा मी, माझ्याच घरात डास वाढवत होतो! दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे कबूल केले. मुले हसली; मीही हसलो. पण त्या दिवसापासून वहीत माझ्या नावाचेही एक पान आहे.

२०२१ साली महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण पुणे जिल्ह्यातील बेलसर या खेड्यात सापडला. झिकाही एडिस डासामुळेच पसरतो. तो प्रथम १९४७ साली आफ्रिकेतील युगांडाच्या जंगलात आढळला होता. जंगलातून निघालेला विषाणू पुरंदर तालुक्यातल्या एका खेड्यात पोहोचला. तो कोणत्या वाटेने आला, हे सामान्य माणसाला कळणार नाही. पुढचा विषाणू कोणता आणि तो कधी येईल, हेही आपल्याला कळणार नाही. माणसे प्रवास करणार, कामधंद्यासाठी देशोदेशी जाणार, परत येणार. ते थांबवता येत नाही, थांबवूही नये. पण विषाणू आला तरी त्याला पुढे नेणारा डास जर घरात मिळालाच नाही, तर तो कोठे जाणार?

माझी दादी त्या वर्षी सहा महिने वाकून चालली. बकरी ईदच्या सुमारास तिने पुन्हा जमिनीवर मुसल्ला अंथरला. तिची दोन बोटे मात्र शेवटपर्यंत पूर्वीसारखी वळली नाहीत. आज दादी नाही. तिचा रांजण मी रोहिणखेडच्या घरी आणून ठेवला आहे. दर शनिवारी तो मी स्वतः घासतो.

शब्दार्थ

हकिगत – घडलेली गोष्ट, वाकिआ
साथ – एकाच वेळी पुष्कळ लोकांना होणारा रोग, वबा
विषाणू – अतिसूक्ष्म रोगजंतू, वायरस
अळी – अंड्यातून निघणारे डासाचे पिल्लू, लार्वा
कोष – अळी आणि डास यांमधली अवस्था
काथ्या – नारळाच्या शेंड्यांचा चोथा. भांडी घासण्यासाठी वापरतात
पेर – बोटाचे एक कांडे
संशयित – ज्याच्याविषयी शंका आहे असा, मुश्तबा
उच्चाटन – मुळापासून नाहीसे करणे, खातमा
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे, दर्द कम करणारे
हिवताप – थंडी वाजून येणारा ताप, मलेरिया
ठराव करणे – सर्वांनी मिळून निश्चय करणे

वाक्प्रचार

अंथरूण धरणे – आजारी पडणे
कानाडोळा करणे – दुर्लक्ष करणे
जिवावर बेतणे – प्राणावर संकट येणे
तावडीत सापडणे – कचाट्यात सापडणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रांजण भरताना लेखक कोणती चूक करीत असे?
(आ) 'चिकुनगुनिया' हा शब्द कोणत्या लोकांच्या भाषेतला आहे?
(इ) दादीने कोंबड्या का विकल्या?
(ई) यवत येथे २००० साली काय आढळले?
(उ) एडिसची मादी अंडी कोठे घालते?

प्रश्न २. रिकाम्या जागा भरा.
(अ) १९७३ साली ........ येथे चिकुनगुनियाची साथ आली.
(आ) डासांच्या अळ्या ........ मासे खातात.
(इ) महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण ........ या खेड्यात सापडला.

प्रश्न ३. जोड्या लावा.
'अ' गट : लामू, रियुनियन, तैवान, नागपूर
'ब' गट : चांदीपुरा विषाणू, दुष्काळातील साथ, चार शब्दांचा धडा, दर तीन माणसांमागे एक रुग्ण

प्रश्न ४. कारणे लिहा.
(अ) दुष्काळातही डास वाढतात.
(आ) भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, ते घासावे लागते.
(इ) रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे.

प्रश्न ५. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आरोग्यसेवकांनी पाणी वाया न घालवता अळ्या कशा काढल्या?
(आ) 'रोग दूरचा, डास घरचा' हे शीर्षक पाठाला कसे शोभते?
(इ) दादीचे म्हणणे आणि आरोग्यसेवकांचे म्हणणे, दोन्ही बरोबर कसे होते?

प्रश्न ६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
अंथरूण धरणे, कानाडोळा करणे, जिवावर बेतणे

उपक्रम : चार आठवडे दर शनिवारी आपल्या घरातील पाण्याच्या सर्व भांड्यांची पाहणी करा. तारीख, भांड्याचे नाव, अळ्या होत्या की नव्हत्या आणि तुम्ही काय केले, अशा चार रकान्यांत नोंद करा. चौथ्या आठवड्यानंतर आपली नोंद वर्गात वाचून दाखवा.